आइसलंडमार्गे एम. ए. (पाली)

मी एका दिवसात सहा देश फिरून आलेला माणूस आहे. सकाळी दहा ते दुपारी एक एवढ्या वेळात. पासपोर्ट लागला नाही, तो मुळात माझ्याकडे नाहीच. खुर्चीही सोडली नाही. दिल्लीत द्वारका सेक्टर बारामधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून, बनियन आणि लेंग्यावर हा प्रवास झाला. त्यात माझी जी शोभा झाली ती सविस्तर सांगणारच आहे, पण शेवट गोड आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी उगाच जिवाला घोर लावून घेऊ नये.

सुरुवात केली आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राजीव भाटिया यांनी. हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झालेत, त्यामुळे समोरच्याला आधी घाबरवून मग धीर द्यायची त्यांची सवय अजून सुटलेली नाही. मे महिन्यात एके सकाळी लिफ्टसमोर त्यांनी मला गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मेश्रामजी, आप वीपीएन लगाते हैं?"

मी म्हणालो, "जी नहीं, मैं तो बस बीपी की गोली लेता हूँ."

"मज़ाक मत समझिए. पूरे टॉवर का वाईफाई एक है. आपका सारा डेटा नंगा घूम रहा है."

आता मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी रद्दीतला मसुदासुद्धा कुलपात ठेवत आलो. माझ्या घरचं काही तरी उघड्यावर हिंडतंय ही कल्पना मला सहन होण्यासारखी नव्हती. राजीवजींनी तिथेच उभ्या उभ्या समजावलं. इंटरनेटवर आपण कुठेही गेलो की समोरच्याला आपला पत्ता दिसतो. व्हीपीएन लावलं की आपण आधी दुसऱ्याच एखाद्या देशातल्या कॉम्प्युटरवर जातो आणि तिथून पुढे निघतो. समोरच्याला दिसतो तो त्या देशाचा पत्ता, आपला झाकलेला राहतो. त्याच दिवशी मी ते घेतलं, तीन वर्षांसाठी.

खरं सांगायचं तर सुरक्षा हे निमित्त झालं. मला भुरळ घातली ती देशांच्या यादीने. प्रत्येकापुढे त्याचा झेंडा, आणि बोट लावलं की आपण तिथले. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, कूलर गरम हवा फेकतोय, अशा वेळी माणसाने कुठला देश निवडावा? मी आइसलंड निवडला. नुसतं नाव वाचून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी कोणी तरी उन्हाबद्दल कुरकुर करत होतं, तर मी सहज म्हणालो, "मैं तो आजकल आइसलैंड में रहता हूँ." कुरकुर करणाऱ्याने आपला चहा उचलला आणि पलीकडच्या टेबलावर गेला.

आइसलंडात राहण्याचे काही तोटे मात्र लवकरच दिसू लागले. विजेच्या बिलाची साइट उघडेना. बातम्यांच्या साइटवर जावं तर आधी रस्त्याची नऊ चित्रं दाखवून ती म्हणायची, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, झेब्रा क्रॉसिंग असलेली चित्रं निवडा. दिल्लीत राहणाऱ्या माणसाला झेब्रा क्रॉसिंग ओळखायला सांगणं हा अन्याय आहे. तरीही मी निवडायचो, आणि ती पुन्हा नवी नऊ चित्रं दाखवायची. हेमलता, म्हणजे माझी पत्नी, भाजी निवडता निवडता म्हणायची, "अहो, ते बंद करून पाहा नं जरा." मी म्हणायचो, "सुरक्षेला पर्याय नाही." हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं होतं की मी ते दिवसातून दोन-तीनदा वापरत असे.

आता मुद्द्यावर येतो. हेमलताला एम. ए. करायचं होतं, पाली भाषेत.

सत्त्याण्णव साली नागपूरला तिने एम. ए.ला प्रवेश घेतला होता. जूनमध्ये आमचं लग्न झालं, जुलैत माझी दिल्लीला नेमणूक झाली, आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधीच ती माझ्याबरोबर रेल्वेत बसली. डबा हलला तेव्हा म्हणाली, "राहू द्या, पुढच्या वर्षी भरू." त्यानंतर रोशनी झाली, सिद्धांत झाला, त्यांच्या शाळा झाल्या, आणि पुढचं वर्ष काही आलं नाही. त्याच मे महिन्याच्या मध्यावर आमच्या विहारातल्या फलकावर एका मुक्त विद्यापीठाची जाहिरात लागली. घरी बसून पालीत एम. ए., वयाची अट नाही. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण या सगळ्यात त्यांची काही चूक नव्हती. हेमलताने तिथेच विहाराच्या पायरीवर बसून फोनवरून स्वतःचं खातं उघडलं. पूर्ण अर्ज भरायला अकरा दिवस होते.

ती तो त्या संध्याकाळीच भरणार होती. मीच तिला थांबवलं.

"अर्ज म्हणजे माझं खातं आहे," मी म्हणालो. "अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या अर्जातल्या त्रुटी काढतोय. तुझ्या अर्जात त्रुटी निघाली तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

सरकारी नोकरी न केलेल्यांना हे कळणार नाही, पण अर्ज कधी थेट भरायचा नसतो. आधी कच्चा मसुदा करायचा, मग तो वरिष्ठांपुढे ठेवायचा, मग स्वच्छ प्रत. मी मसुदा केला, आणि वरिष्ठ म्हणून हेमलतापुढे ठेवला, वर एक छोटी टिप्पणीही जोडली. तिने ती किराण्याच्या यादीखाली ठेवली आणि तीन दिवस ती फाइल तिथेच प्रलंबित राहिली. नंतर गुणपत्रिका स्कॅन झाल्या. एक जरा तिरकी आली म्हणून पुन्हा स्कॅन झाल्या. सगळ्यात अडकला तो 'शिक्षणात खंड पडण्याचे कारण' हा रकाना. त्यासाठी मी एक परिच्छेद लिहिला होता, त्यात 'कौटुंबिक, प्रशासकीय व इतर अपरिहार्य परिस्थिती' असे शब्द होते. मला वाटतं तो माझ्या उत्तम मसुद्यांपैकी एक असावा. हे सगळं होईपर्यंत शेवटचा दिवस उजाडला. शुक्रवार, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. मी किरकोळ रजा टाकली आणि बरोबर दहाला लॅपटॉप उघडला.

स्क्रीनवर आलं: 'संशयास्पद जोडणी. प्रवेश नाकारला.' खाली एक लांबलचक संदर्भ क्रमांक.

मी ते दोनदा वाचलं. संशयास्पद? माझ्या सेवापुस्तकात एक लाल रेघ नाही. दर वर्षी दक्षता विभाग लेखी देतो की या माणसाविरुद्ध काही नाही. आणि ही साइट, जिला मी कोण हेही ठाऊक नाही, मला तोंडावर संशयास्पद म्हणते. कान तापले माझे. संदर्भ क्रमांक वहीत उतरवून घेतला, कारण प्रकरण वर न्यायचं तर पुरावा लागतो.

मग विचार केला, या लोकांचं आइसलंडशी काही वाकडं असेल. देश बदलून पाहावा. नॉर्वे घेतला. यावेळी साइटने दार थोडं किलकिलं केलं, हेमलताच्या नावाने आत शिरूही दिलं आणि लगेच बाहेर काढलं. स्वित्झर्लंड घेतला, तिथल्या बँकांवर सगळं जग विश्वास ठेवतं. नाकारलं. जपान. नाकारलं. वहीत संदर्भ क्रमांकांचं पान भरलं.

मी राजीवजींना बोलावलं. ते आले, चष्मा लावून स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "आप ठंडे देशों में घूम रहे हैं, इसलिए. सिंगापुर कीजिए. वहाँ हिंदुस्तानी की इज़्ज़त है."

सिंगापूरमध्येही इज्जत मिळाली नाही. कॅनडात तर साइटने संदर्भ क्रमांक द्यायचेही कष्ट घेतले नाहीत.

मग माझ्यातला सेक्शन ऑफिसर जागा झाला. त्यांना माझा पत्ता पटत नाही ना, मग पत्ता सिद्ध करू. राजीवजींनी सोसायटीच्या लेटरहेडवर दाखला दिला. मजकूर माझा, सही त्यांची: 'प्रमाणित करण्यात येते की श्री. सुखदेव मेश्राम हे या सोसायटीत फ्लॅट क्रमांक ४०३ मध्ये राहतात, आज दिनांक रोजी ते घरीच आहेत, व निम्नस्वाक्षरीकर्त्याने त्यांना समक्ष पाहिले आहे.' गोल शिक्का आणायला ते खाली ऑफिसात गेले, शिक्क्याची शाई वाळलेली निघाली, मग थेंबभर पाणी घालून तो तीनदा उठवावा लागला. आधारची प्रत, विजेचं बिल, माझ्या ओळखपत्राच्या दोन्ही बाजू अशी एकूण पाच सहपत्रं लावून मी विद्यापीठाच्या मदत कक्षाला निवेदन ईमेल केलं. शेवटी लिहिलं, 'कृपया साइटला योग्य त्या सूचना देण्यात याव्यात.' एक वाजला होता.

हेमलता हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. जेवण वाढताना ती शांतपणे म्हणाली, "राहू द्या, पुढच्या वर्षी भरू."

तोच आवाज. नागपूरच्या फलाटावरून गाडी सुटतानाचा. त्या वेळी मी खिडकीतून बाहेर बघत बसलो होतो आणि मला ते नुसतं बोलणं वाटलं होतं. आता मी हातातला घास ताटात परत ठेवला. मला माझीच लाज वाटली, आणि हे मी कुठल्याही टिप्पणीत लिहिलेलं नाही म्हणून इथे लिहितो.

एवढ्यात रोशनीचा फोन आला. आमची मुलगी गुरुग्रामला एका कंपनीत ऑनलाइन फसवणूक पकडण्याचंच काम करते, आणि तिला विचारायचं मला सुचलं नव्हतं, कारण मुलांना ऑफिसच्या वेळेत त्रास द्यायचा नाही असा आमच्या घरचा नियम आहे.

"आईचा फॉर्म झाला?" तिने विचारलं.

मी सगळी हकिकत सांगितली, सहपत्रांसह.

"बाबा, व्हीपीएन ऑन आहे का?"

"अर्थात. सुरक्षेला पर्याय नाही."

"अच्छा, एक सांगा. आपल्या गेटवर कोणी हेल्मेट घालून आलं तर गार्ड आत सोडतो?"

"बिलकुल नाही. तो नियम मीच मीटिंगमध्ये मंजूर करून घेतलाय. चेहरा दिसल्याशिवाय आत नाही."

"पण तो बिचारा चांगला माणूस असेल तर?"

"असेल. पण गार्डला कळणार कसं? हेल्मेटच्या आत कोण आहे ते काय त्याला..." आणि मी थांबलो.

"हां," रोशनी म्हणाली. "आणि ते हेल्मेट एकट्या तुमचं नाही बाबा. त्या आइसलंडच्या पत्त्यावरून एका वेळी हजारो लोक निघतात. त्यात कोणी तुमच्यासारखे, तर कोणी दुसऱ्यांचे पासवर्ड ट्राय करणारे, कोणी नकली फॉर्म भरणारे. साइटला माणूस दिसत नाही, फक्त पत्ता दिसतो. त्या पत्त्यावरून चार वेळा गडबड झाली की ती पूर्ण पत्ताच बंद करून टाकते. यात तुमचा काही दोष नाही. तुमच्याबरोबर जे उभे आहेत, त्यांचा आहे."

म्हणजे गेले तीन आठवडे मी कोणाकोणाच्या रांगेत उभा होतो, या विचाराने मला दरदरून घाम फुटला. ज्या सुरक्षेसाठी मी चेहरा झाकला, त्याच सुरक्षेसाठी समोरच्याने मला हाकललं होतं, आणि गार्डच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मी कॅनडावर बोट ठेवून ते बंद केलं. झेंडा करडा झाला.

पुन्हा साइट उघडली. उघडली, अगदी विनातक्रार. माझा ऊर भरून आला. हेमलताचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि स्क्रीन म्हणाली: 'या खात्यात आज तीन तासांत अनेक देशांतून प्रवेशाचा प्रयत्न झाला आहे. सुरक्षेसाठी खाते बंद. अर्जदाराने मदत कक्षाशी संपर्क साधावा.'

हेमलताने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. "मी गेले होते होय एवढं फिरायला? सांगितलं असतं तर स्वेटर तरी घेतला असता."

मी हसलो नाही. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मदत कक्षाचा फोन लागला तो तीन वीसला. मधल्या काळात आम्ही बासरीची एकच धून इतक्या वेळा ऐकली की मला ती आता येते. राजीवजी येऊन बसले होते आणि दर पाच मिनिटांनी सांगत होते की विमा कंपनीत असताना ते तक्रारदाराला याहून जास्त थांबवत. शेवटी पलीकडून एक बाई बोलल्या, नाव रुचिरा. मी मुद्द्यांचा कागद पुढे ओढला आणि सुरू झालो, "मैडम, नमस्कार, विषय: श्रीमती हेमलता मेश्राम के आवेदन के संबंध में..."

"आप आवेदक हैं?"

"मैं उनका पति."

"आवेदक से बात कराइए."

"जी, पर इस प्रकरण की पूरी पृष्ठभूमि मुझे..."

"सर, खाता उनका है. उन्हीं से बात होगी."

मी फोन हेमलताला दिला. कागदही पुढे केला, तो तिने घेतला नाही. जन्मतारीख सांगितली, खातं कुठे आणि कधी उघडलं ते सांगितलं. मग रुचिरा मॅडमनी विचारलं, फोन स्पीकरवर होता म्हणून आम्हाला ऐकू आलं, "आज आपने नॉर्वे, स्विट्ज़रलैंड, जापान, सिंगापुर, इन सब जगहों से लॉगिन किया?"

"मैंने नहीं, मेरे पति ने," हेमलता म्हणाली. "वो यहीं बैठे हैं. सुबह से कुर्सी से उठे नहीं."

राजीवजी छताकडे पाहू लागले.

"मैडम, बुरा मत मानिएगा," रुचिरा मॅडम म्हणाल्या, "पिछले साल ऐसे ही पतों से ढेरों नकली फ़ॉर्म आए थे. असली लोगों की सीटें अटक गईं. इसलिए पूछना पड़ता है. आप इस उम्र में पाली क्यों करना चाहती हैं?"

मी मनातल्या मनात 'ज्ञानसंवर्धन' हा शब्द तिला पाठवत होतो.

"मैडम, बचपन से हर इतवार वंदना बोलती हूँ," ती म्हणाली. "पूरी मुँहज़बानी आती है. मेरी माँ को भी आती थी, उसे अक्षर नहीं आते थे. उसका मतलब हम दोनों हमेशा दूसरों से पूछते रहे. अब मुझे ख़ुद पढ़कर समझना है."

पलीकडे कळफलकाचा आवाज थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला. "नकली फ़ॉर्म वाले ऐसा जवाब नहीं देते," रुचिरा मॅडम म्हणाल्या. "खाता खोल दिया है. पाँच बजे से पहले भर दीजिए. और सर से कहिएगा, उनका निवेदन भी मिला है. पाँचों सहपत्र हमने देखे."

म्हणजे निवेदन पोचलं होतं. त्या धावपळीतही मला याचं समाधान वाटलं.

चार वाजत आले होते. मी सवयीने लॅपटॉपकडे वळलो आणि थांबलो. उठलो. सकाळपासून पहिल्यांदाच. माझी खुर्ची हेमलतापुढे ओढून दिली आणि मागे उभा राहिलो, हात पाठीशी बांधून, म्हणजे ते कशाला लागू नयेत.

तिने अर्ज पंचवीस मिनिटांत भरला. एकदाही विचारलं नाही. खंडाच्या कारणाच्या रकान्याशी आली तेव्हा मी माझा परिच्छेद हलकेच टेबलावर सरकवला. तिने तो वाचला, मान डोलावली, म्हणाली, "छान लिहिलंय," आणि रकान्यात एका बोटाने टाइप केलं: 'लग्न.'

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच तर झालं," ती म्हणाली, आणि पुढच्या रकान्याकडे गेली.

अठ्ठावीस वर्षांत एका शब्दाचा इतका अचूक मसुदा मी पाहिला नव्हता. चार वाजून वीस मिनिटांनी तिने शेवटचं बटण दाबलं, आणि हिरव्या अक्षरांत आलं: 'हेमलता मेश्राम, आपला अर्ज स्वीकारण्यात आला आहे.' राजीवजींनी टाळ्या वाजवल्या. हेमलताने पदराने डोळे टिपले आणि मग सगळ्यांना चहा विचारला. चहा मी केला. तो पांचट झाला होता, पण त्या दिवशी माझ्या हातचं काहीही चाललं असतं.

जुलैच्या शेवटी एका शनिवारी सकाळी गेटवरून फोन आला की पार्सल आहे. मी खाली गेलो. कुरियरवाल्याने खोकं दुचाकीवरून उतरवलं, कागद वाचला आणि विचारलं, "हेमलता मेश्राम?"

"मैं उनका पति."

"स्टूडेंट को बुला दीजिए अंकल, साइन उन्हीं का चाहिए."

स्टूडंट आली, पिठाचे हात पुसत. तिने सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून, आणि पोळ्या तव्यावर आहेत म्हणून लिफ्टने वर गेली. खोकं माझ्याकडे राहिलं. चांगलंच जड होतं. पहिल्या मजल्यावर राजीवजी दार उघडून उभेच होते, त्यांना सांगितलं, "एम. ए. की किताबें हैं. हमारे घर से." दुसऱ्या मजल्यावर कोणी दिसेना, तर खोकं खाली ठेवून, रुमालाने घाम पुसून, मी एक-दोनदा खाकरलो. दार उघडलं, मग त्यांनाही सांगितलं. तिसऱ्यावर लग्नघरासारखी गर्दी होती, तिथे पाणी मिळालं आणि विषयही सविस्तर सांगता आला. चौथ्या मजल्यावर हेमलता दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"अहो, लिफ्ट बंद पडली का?"

"नाही," मी धापा टाकत म्हणालो, "चालू आहे."